‘लाइन’ किती अर्थांची? पूर्व विदर्भातल्या एका इंग्रजी शब्दाचा आढावा

गोंदिया शहराला लागून असलेल्या मुर्रीत किंवा आसपासच्या कोणत्याही गावात ‘लाइन’ हा शब्द दिवसभरात किती कामं करतो, हे लक्ष देऊन ऐकण्यासारखं आहे. ‘लाइन गेली’ म्हणजे वीज गेली. ‘या आठवड्यात आमची लाइन रात्रीची आहे’ म्हणजे शेतीपंपाला मिळणारा थ्री फेज पुरवठा पाळीप्रमाणे रात्रीवर आला आहे आणि उन्हाळी धानाला पाणी द्यायला रात्री बांधीवर जावं लागणार आहे. ‘छोटी लाइन’ म्हणजे नॅरोगेज रेल्वे. ‘सिव्हिल लाइन’ म्हणजे शहरातली वस्ती. राशनच्या दुकानासमोर असते तीही लाइनच. ‘पोरगा कोणत्या लाइनीत गेला?’ हा प्रश्न शिक्षणाचा किंवा व्यवसायाचा असतो आणि ‘आता लाइनीवर आला’ हे विधान वागणुकीबद्दल असतं. गवंड्याची ‘लाइनदोरी’ वेगळी आणि तरुणांची ‘लाइन मारणं’ त्याहून वेगळं. शब्द एक, अर्थ आठ-दहा, आणि तरीही ऐकणाऱ्याचा गोंधळ क्वचितच होतो. या स्थितीकडे पाहण्याचे दोन मार्ग आहेत. एका इंग्रजी शब्दाने मराठीतल्या अनेक शब्दांची जागा बळकावली आणि भाषा आळशी झाली, असं मानण्याचा एक. भाषकांनी परका शब्द हाती घेऊन त्यातून आपल्या गरजेचे अर्थ घडवले, असं मानण्याचा दुसरा. पुरावा तपासला तर दुसरा मार्गच खरा ठरतो, आणि त्यातून मराठी कोशकार्यावर एक जबाबदारी येते, हे या लेखाचं म्हणणं आहे.

इंग्रजीपासून सुरुवात करू. सर्वाधिक अर्थांचा इंग्रजी शब्द कोणता, हा कोशकारांचा जुना प्रश्न. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीचा पहिला भाग 1884 मध्ये निघाला आणि पहिली आवृत्ती 1928 मध्ये पुरी झाली. या कोशात दीर्घकाळ ‘सेट’ हा शब्द अग्रभागी होता. नव्या आवृत्तीचं काम सुरू झाल्यावर ‘रन’ या क्रियापदाने त्याला मागे टाकलं. त्याचे 645 अर्थ नोंदवले गेल्याचं 2011 च्या सुमारास जाहीर झालं. हे आकडे थक्क करणारे असले तरी ते जपून वापरायला हवेत. अर्थ हे पोत्यातल्या धानासारखे मोजता येत नाहीत. माणूस धावतो, नदी वाहते, दुकान चालतं, रंग पसरतो, हे चार अर्थ मानायचे की एकाच अर्थाच्या चार छटा, हे कोशकार ठरवतो. एक कोशकार बारीक फोड करतो, दुसरा जवळचे अर्थ एकत्र बांधतो. त्यामुळे संख्येपेक्षा महत्त्वाचा प्रश्न असा की एका अर्थातून दुसरा अर्थ निघतो कसा. ‘लाइन’चा प्रवास याचं स्वच्छ उदाहरण आहे. या शब्दाच्या मुळाशी ‘लिनम’ हा लॅटिन शब्द आहे आणि लिनम म्हणजे जवस. पूर्व विदर्भाच्या या झाडीपट्टीत धान कापणीला येण्याच्या सुमारास बांधीतल्या ओलीवर लाखोळी आणि जवस उतेरा म्हणून फेकतात, तीच ही वनस्पती. युरोपात तिच्या खोडापासून धागा काढत. त्या धाग्याला लॅटिनमध्ये ‘लिनेआ’ म्हणत. ताणलेला धागा सरळ असतो, म्हणून सरळ खूण म्हणजे लाइन. खुणेवरून ओळ, ओळीवरून रांग, रांगेवरून मार्ग, मार्गावरून कामाचा मार्ग. प्रत्येक पायरीवर मागचा अर्थ पुढच्या अर्थाला जन्म देतो आणि स्वतःही टिकून राहतो.

ही वाढ इंग्रजीची खासियत नाही. आपल्याकडे ‘सूत्र’ या शब्दाने जवळपास हाच प्रवास केला आहे. सूत्र म्हणजे सूत, धागा. सुताराने किंवा शिल्पकाराने मापासाठी धरलेली दोरी हेही सूत्रच आणि ती धरणारा तो सूत्रधार. पुढे थोडक्या शब्दांत बांधलेला नियम सूत्र झाला, पाणिनीच्या व्याकरणात तो याच अर्थाने आहे. मग गणितातलं सूत्र आलं, संस्थेची सूत्रं हाती घेणं आलं, कथेचं सूत्र आलं आणि शेवटी वर्तमानपत्रांतली ‘विश्वसनीय सूत्रं’ आली. हे सर्व अर्थ एकाच शब्दात आहेत म्हणून मराठी दुबळी झाली, असं कोणी म्हणत नाही. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ मिशेल ब्रेआल यांनी 1897 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या शब्दार्थविषयक ग्रंथात या घटनेला ‘पॉलिसेमी’, म्हणजे अनेकार्थता, असं नाव दिलं आणि तिच्याकडे संस्कृतीच्या वाढीची खूण म्हणून पाहिलं. समाजात नवी कामं, नवी साधनं, नवी नाती आली की जुन्या शब्दांवर नवे अर्थ चढतात. योगायोगाने एकसारखे दिसणारे शब्द यापासून वेगळे ठेवावे लागतात. ‘कर’ म्हणजे हात, ‘कर’ म्हणजे सरकारी वसुली आणि ‘कर’ म्हणजे ‘करणे’चं आज्ञार्थी रूप. हात आणि महसूल यांचं मुळात काही नातं असलंच तरी आजच्या बोलणाऱ्याच्या मनात ते नाही. लाइनच्या बाबतीत मात्र ते नातं बोलणाऱ्यालाही जाणवतं. तार, रूळ, रांग आणि दोरी या साऱ्या लांब आणि सरळ वस्तू आहेत, हे कुणाला शिकवावं लागत नाही.

पूर्व विदर्भात हा शब्द रुजला तो प्रामुख्याने लष्कर आणि रेल्वेमुळे. छावणीत शिपायांच्या झोपड्या किंवा बराकी ओळीने असत, म्हणून त्या वस्तीलाच इंग्रज ‘लाइन्स’ म्हणत. मुलकी अधिकाऱ्यांची वस्ती ती सिव्हिल लाइन्स, पोलिसांची ती पोलीस लाइन. मुंबईचं मरीन लाइन्स हे नावही तिथल्या मरीन बटालियनच्या लाइन्सवरून आलं. आज सिव्हिल लाइनमध्ये घरं ओळीत आहेत की नाहीत, हे कुणी पाहत नाही. तिथे अर्थ ठिकाणाशी पक्का बांधला गेला आहे. रेल्वेचा भाग याहून अधिक स्थानिक आहे. नागपूर–छत्तीसगढ मीटरगेज रेल्वे 1887 मध्ये स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेने घेतली आणि तिचं रुंदीकरण केलं. 1891 पर्यंत हा मार्ग आसनसोलला जाऊन मिळाला. त्यानंतर विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात गोंदियाहून दोन नॅरोगेज फाटे निघाले, एक बालाघाटमार्गे जबलपूरकडे आणि दुसरा नागभीडकडे. एकाच स्थानकावर साडेपाच फुटी आणि अडीच फुटी असे दोन प्रकारचे रूळ आले आणि लोकांनी त्यांना नावं दिली बडी लाइन आणि छोटी लाइन. मुंबईकराची लाइन म्हणजे सेंट्रल, वेस्टर्न, हार्बर, म्हणजेच प्रवासाचा मार्ग. गोंदियाची लाइन म्हणजे रुळांची रुंदी आणि तिच्याबरोबर येणारा वेग, डब्याचा आकार, थांब्यांची संख्या. दोन्ही ठिकाणी शब्द रेल्वेकडूनच आला, पण ज्या गावासमोर जो फरक रोज उभा होता, तो फरक त्या गावाने शब्दात भरला. आता दोन्ही फाट्यांचं रुंदीकरण झालं आहे. वस्तू गेली, पण तिचा अर्थ जुन्या माणसांच्या बोलण्यात अजून आहे.

स्थानिक अर्थनिर्मितीचा सर्वांत ठोस पुरावा विजेचा आहे. पुण्यात किंवा साताऱ्यात अंधार झाला की ‘लाइट गेले’ म्हणतात. विदर्भात बहुतेक ठिकाणी ‘लाइन गेली’ म्हणतात. घटना एकच, शब्द दोन, दोन्ही इंग्रजी, आणि गंमत म्हणावी तर इंग्रजीत या घटनेसाठी ‘लाइन’ हा शब्द असा वापरत नाहीत. तिथे पुरवठा जाणं सांगायला वेगळाच शब्द आहे. म्हणजे हा अर्थ कोणत्याही इंग्रजी पुस्तकातून किंवा साहेबाच्या तोंडून आलेला नाही. पश्चिम महाराष्ट्राने दिव्यावरून वीज ओळखली, विदर्भाने तारेवरून. जिच्यातून वस्तू येते तिचं नाव त्या वस्तूला देणं, हा भाषेचा नेहमीचा नियम आहे. ‘नळ गेला’ म्हणतो तेव्हा तोटी भिंतीतच असते, गेलेलं असतं ते पाणी. ‘लाइन गेली’मध्येही तार खांबावर जागच्या जागी असते. पुढे याच अर्थाला शेतीने आणखी फाटे फोडले. ‘लाइन कमी आहे’ म्हणजे दाब कमी आहे, मोटर उचलत नाही. ‘लाइन दिवसाची आहे की रात्रीची’ म्हणजे वेळापत्रक. तारेवरून वीज, विजेवरून तिचा दाब, दाबावरून तिची पाळी, अशी ही उतरंड आहे. तिची प्रत्येक पायरी धान पिकवणाऱ्याच्या गरजेतून तयार झाली आहे.

अर्थ कुठे घडतो, हे आणखी नेमकेपणाने दाखवता येतं. लाइन या नामाबरोबर येणारी क्रियापदं पाहा. लाइन जाते आणि येते तेव्हा ती वीज असते. लाइन तुटते तेव्हा ती तार असते. लाइन टाकतात तेव्हा ती केबल, पाइप किंवा रूळ असते. फोनची लाइन लागते, दुकानासमोर लाइन लागते, पण माणूस ‘लाइनीत लागतो’ तेव्हा फक्त रांगच असते. लाइन धरतात किंवा बदलतात तेव्हा तो बहुधा व्यवसाय असतो. लाइन मारतात आणि देतात तेव्हा ते प्रेमप्रकरण असतं, आणि तिथलं ‘मारणे’ हे शिट्टी मारणे, चक्कर मारणे, गप्पा मारणे यांच्याच घरचं आहे. जाणे, येणे, लागणे, धरणे, मारणे ही सगळी अस्सल मराठी क्रियापदं. नाम बाहेरून आलं, पण त्याला वेगवेगळ्या अर्थांत लावणारी यंत्रणा मराठीची आहे. व्याकरणानेही या शब्दाला आपलं करून घेतलं आहे. लाइन स्त्रीलिंगी झाली, कारण तिच्या शेजारचे शब्द, म्हणजे रांग, ओळ, रेघ, तार, दोरी, सगळेच स्त्रीलिंगी आहेत. तिला ‘विहिरीत’, ‘मोटारीत’ यांसारखी सामान्यरूपं मिळाली. लाइनीत, लाइनीला, लाइनीवर. हे अर्थ खरोखर वेगळे आहेत की नाहीत, याचीही एक साधी कसोटी आहे. ‘दुकानासमोरची आणि गावातली, दोन्ही लाइनी अकरा वाजता गेल्या’ असं वाक्य करून पाहावं. एकाच क्रियापदाला रांग आणि वीज एकत्र जुंपली की वाक्य अडखळतं. ‘बालाघाटची आणि नागभीडची, दोन्ही लाइनी मोठ्या झाल्या’ हे मात्र सहज चालतं. जिथे अडखळतं तिथे दोन अर्थ, जिथे चालतं तिथे एक.

यावर पहिला आणि सर्वांत गंभीर आक्षेप असा की या एका शब्दाने मराठीचे बारीक भेद पुसले. माणसांची रांग, अक्षरांची ओळ, पाटीवरची रेघ, भूमितीतली रेषा, जेवणाची पंगत आणि विजेची तार असे वेगळे शब्द आपल्याकडे असताना सगळीकडे लाइन का? या आक्षेपात तथ्य आहे आणि ते नाकारू नये. ‘रांग’ बोलण्यातून मागे हटली आहे, आणि वहीतल्या रेघेलाही मुलं आता लाइन म्हणतात. शब्द वापरातून गेला की त्याच्याबरोबर त्याची छटाही जाते. पण लाइन सगळीकडे घुसली, हे मात्र खरं नाही. पंगत बसते, तिथे लाइन बसत नाही. कवितेची ओळच असते. हातावरची रेषा रेषाच राहिली. दारिद्र्यरेषा आणि पूररेषा हे शब्द शासनाने घडवले आणि ते चालले. भाताच्या रोवणीत ‘लाइनीने लावा’ असं सांगितलं जातं, कारण दोरी धरून ठरावीक अंतरावर रोप लावण्याची पद्धत नवी आहे. पण बांधीचा धुरा, म्हणजे बांध, धुराच आहे. लाइन जिथे शिरली ती बहुतेक ठिकाणं नव्या वस्तूंची आणि नव्या व्यवस्थांची आहेत. त्या व्यवस्था आल्या तेव्हा त्यांचं मराठी नाव तयार नव्हतं किंवा वेळेवर पोचलं नाही. तेव्हा भेद वाचवायचे असतील तर रांग, ओळ, रेघ हे शब्द शाळेत, वर्तमानपत्रात आणि घरात आवर्जून वापरले पाहिजेत. लाइनवर बंदी घालून ते वाचणार नाहीत.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. इतके अर्थ असलेला शब्द घोटाळा करणार नाही का? आकडेवारीने याचं एक उत्तर फार पूर्वी दिलं आहे. अमेरिकी अभ्यासक जॉर्ज किंग्स्ली झिप्फ यांनी 1945 मध्ये दाखवलं की शब्द जितका जास्त वापरात, तितके त्याचे अर्थ सर्वसाधारणपणे जास्त. पुढे 2012 मध्ये स्टीव्हन पियांटाडोसी, हॅरी टिली आणि एडवर्ड गिब्सन यांनी ‘कॉग्निशन’ या नियतकालिकात अशी मांडणी केली की संदर्भ जर अर्थ सांगणारच असेल, तर आखूड आणि सोपे शब्द पुन्हा पुन्हा वापरणं भाषेला फायद्याचं असतं. पण जिथे चूक जिवावर बेतते, तिथे संदर्भावर विसंबता येत नाही. अशा ठिकाणी कामगारांनी काय केलं, हे पाहण्यासारखं आहे. ‘लाइन बंद आहे’ या वाक्यावर विसंबून लाइनमनने खांबावर चढायचं नसतं. उपकेंद्रातून परमिट घ्यायचं, पुरवठा तोडल्याची खात्री करायची, तार डिस्चार्ज करून अर्थिंग करायचं, मग हात लावायचा. रेल्वेत ‘लाइन क्लिअर’ हे शब्द नुसते उच्चारून गाडी सुटत नसे. एकेरी मार्गांवर वेताच्या कड्याला अडकवलेल्या पाकिटातला धातूचा गोळा चालकाच्या हाती येईपर्यंत पुढचा टप्पा मोकळा धरला जात नसे. धोका असलेल्या व्यवसायांनी शब्द बदलला नाही, शब्दाभोवती कार्यपद्धती उभी केली. सरकारी कागदांनी यातून शिकायला हवं. आधारभूत खरेदी केंद्रावर ‘ऑनलाइन झालं का?’ हा प्रश्न रोज विचारला जातो. त्याचा अर्थ नोंदणी झाली, सातबारा जोडला गेला, धानाची आवक नोंदली गेली की पैसे खात्यात जमा झाले, असा चारपैकी कोणताही असू शकतो. एकमेकांशी बोलताना शेतकऱ्यांना हा शब्द पुरतो. पण फलकावर आणि पावतीवर त्या चारही पायऱ्या वेगळ्या आणि स्पष्ट मराठीत लिहिल्या पाहिजेत. अनेकार्थी शब्दाला बोलण्यात मोकळीक आणि दस्तऐवजात शिस्त, अशी ही वाटणी हवी.

तिसरा आक्षेप पूर्व विदर्भाला नेहमीच ऐकावा लागतो. हे मराठी नव्हे, हिंदीच्या सावलीतलं बोलणं आहे, ‘लाइनीत लागणे’ ही तर सरळ हिंदीची नक्कल आहे, असं म्हटलं जातं. सीमेवरच्या जिल्ह्यात हिंदी, पोवारी, गोंडी आणि झाडीबोली शेजारी नांदतात, तेव्हा देवाणघेवाण होणारच. ‘लाइनीत लागणे’ हिंदीतून आलं असेल, हे मान्य. पण उगम परका असला की शब्द मराठी राहत नाही, हा निकष लावला तर मराठीचं फार थोडं शिल्लक राहील. ‘तालीम’ हा अरबी शब्द हिंदी-उर्दूत शिक्षणाचा अर्थ देतो. मराठीने त्याला पैलवानांचा आखाडा आणि नाटकाचा सराव असे दोन अर्थ दिले. ‘शिकस्त’ म्हणजे फारसीत पराभव. मराठीत ‘प्रयत्नांची शिकस्त’ म्हणजे प्रयत्नांची कमाल. शिवकाळात रघुनाथपंत हणमंते यांनी राज्यव्यवहारकोश रचून फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. विसाव्या शतकात सावरकरांनी आणि माधव ज्यूलियनांनी भाषाशुद्धीचा आग्रह धरला, आणि त्यातून ‘महापौर’सारखे उत्तम शब्द आपल्याला मिळाले. ते प्रयत्न मोलाचे आहेत, कारण त्यांनी भाषेला पर्याय दिले. पण त्याच काळात तालीम आणि शिकस्त पूर्ण मराठी झाले, कारण लोकांनी त्यांना मूळ भाषेत नसलेले अर्थ दिले होते. शब्द आपला झाला की नाही याचा खरा पुरावा उच्चारात नसतो, नव्या अर्थात असतो. या निकषावर ‘लाइन गेली’मधली लाइन तालमीइतकीच मराठी आहे.

आता प्रश्न उरतो नोंदीचा. मोल्सवर्थ यांच्या मराठी–इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती 1857 ची, म्हणजे बोरीबंदर–ठाणे रेल्वे धावल्यानंतर अवघ्या चार वर्षांनी निघालेली. विजेचा, टेलिफोनचा, पाळीचा अर्थ त्यात असणं शक्यच नव्हतं. दाते आणि कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड 1932 ते 1938 या काळात आले. त्यांनी वऱ्हाडी, नागपुरी, कोकणी, खानदेशी अशा खुणा देऊन शब्द कोणत्या भागातला हे नोंदवण्याची मोठी परंपरा घातली. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीचा शब्दकोश करून याच भूमीच्या शब्दांना प्रतिष्ठा दिली. या कामाची पुढची पायरी म्हणजे परक्या शब्दांचे स्थानिक अर्थ त्याच आस्थेने नोंदवणं. नुसतं ‘लाइन (इंग्रजी): रांग, ओळ’ असं लिहून भागणार नाही. कोणत्या क्रियापदाबरोबर कोणता अर्थ येतो, कोणत्या जिल्ह्यात येतो, कोणत्या व्यवसायात येतो आणि कोणता अर्थ वस्तूबरोबर मावळत चालला आहे, हे सगळं नोंदीत यायला हवं. छोटी लाइन पाहिलेली पिढी आज बोलती आहे, तोवरच हे काम नीट होईल. त्यासाठी मोठा निधी लागत नाही. गोंदिया-भंडाऱ्यातल्या महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी एकेक शब्द वाटून घ्यावा, गवंडी, लाइनमन, शेतकरी, रेल्वे कामगार यांची वाक्यं त्यांच्याच उच्चारात टिपावीत, गाव आणि वर्ष लिहून ठेवावं, आणि ती नोंद कोशकारांच्या हाती द्यावी. शब्द मराठीत घ्यायचा की नाही, याचा निर्णय लोकांनी केव्हाच दिला आहे. त्यांनी घडवलेले अर्थ लिहून ठेवणं, एवढं काम अभ्यासकांनी आता हाती घ्यावं.